एका वाक्यात आटलेला द्रव

मेंदूभोवती एक द्रव असतो आणि तो मेंदूचे धक्क्यांपासून रक्षण करतो. शालेय जीवशास्त्रात या द्रवाला मिळणारी जागा साधारण एवढीच. फार तर 'पोषण करतो' अशी भर पडते. परीक्षेत 'कार्य लिहा' असा एका गुणाचा प्रश्न येतो, मुले 'रक्षण' असे लिहितात, गुण मिळतो आणि विषय तिथेच संपतो.

या लेखात आम्ही त्या एका वाक्याची झडती घेणार आहोत. वाक्य खोटे नाही. पण खरे असूनही ते अपुरे आहे, आणि त्या अपुरेपणाची किंमत कधीकधी वर्गाबाहेर मोजावी लागते. ती कशी, हे एका प्रसंगावरून सांगतो.

आमच्या परिचयाच्या एका शिक्षिकेच्या वर्गातला सातवीचा मुलगा काही वर्षांपूर्वी तापाने फणफणला. उलट्या सुरू झाल्या, डोके ठणकू लागले, दुसऱ्या दिवशी मान ताठ झाली. त्याला जिल्ह्याच्या गावी दाखल केले. डॉक्टर म्हणाले, पाठीतले पाणी काढून तपासावे लागेल. घरच्यांनी साफ नकार दिला. पाठीत सुई घातली की माणूस लुळा पडतो, अमक्याचा मुलगा तसाच गेला, असे नातेवाईक सांगत होते. डॉक्टरांनी अंदाजाने औषध सुरू केले, पण जंतू कोणता हे कळायला मार्ग नव्हता. दीड दिवसाने घरचे तयार झाले. मुलगा वाचला, मात्र एका कानाने त्याला कमी ऐकू येते. उशीर झाल्यामुळेच तसे झाले, असे म्हणता येणार नाही. या आजारात वेळेवर उपचार होऊनही कान जाऊ शकतो. पण तो दीड दिवस कशात गेला, हा प्रश्न उरतोच.

मुलाचे वडील दहावी झालेले होते. 'रक्षण' हे उत्तर त्यांनीही कधीतरी लिहिले असेल. पुस्तकातला 'प्रमस्तिष्क-मेरुद्रव', डॉक्टरांचा 'सी.एस.एफ.' आणि गावातले 'पाठीतले पाणी' ही एकाच वस्तूची तीन नावे आहेत, हे मात्र त्यांना कोणी सांगितलेले नव्हते. आमची पहिली तक्रार हीच आहे. शाळेत शिकवलेला द्रव आणि रुग्णालयात काढलेला द्रव यांची गाठच पडत नाही. यापुढे आपण त्याला नुसते 'मेरुद्रव' म्हणू.

गादीचे गणित तरी करा

रक्षणाचा मुद्दाच शिकवायचा असेल, तर तोही नीट शिकवता येतो. प्रौढ मेंदूचे वजन सुमारे १४०० ग्रॅम. त्याची घनता पाण्यापेक्षा किंचित जास्त, साधारण १.०४, मेरुद्रवाची १.००७. म्हणजे मेंदूचे आकारमान झाले सुमारे १३४६ घन सेंटिमीटर आणि तेवढ्या मेरुद्रवाचे वजन सुमारे १३५५ ग्रॅम. आर्किमिडीजच्या तत्त्वाने द्रवात बुडलेल्या मेंदूचे भासमान वजन उरते जेमतेम ४५ ग्रॅम. शालेय भौतिकशास्त्रातले तत्त्व इथे जीवशास्त्राच्या तासाला उपयोगी पडते. मेंदू गादीवर ठेवलेला नाही, तो तरंगतो आहे. नाहीतर स्वतःच्याच वजनाने त्याचा खालचा भाग आणि तिथल्या रक्तवाहिन्या दबल्या असत्या.

'द्रव असतो' या शब्दांमुळे दुसरा गैरसमज होतो. डबक्यात पाणी साचून राहावे तसा तो साचलेला आहे, असे मुलांना वाटते. प्रौढ माणसाच्या शरीरात कोणत्याही क्षणी सुमारे १५० मिलिलिटर मेरुद्रव असतो, पण दिवसभरात तयार होतो सुमारे ५०० मिलिलिटर. म्हणजे चोवीस तासांत तो तीनपेक्षा जास्त वेळा बदलला जातो. मेंदूच्या आतल्या पोकळ्यांमध्ये रक्तवाहिन्यांचे बारीक झुबके असतात. मुख्यतः तिथे रक्तातून निवडक पदार्थ घेऊन हा द्रव बनतो, एका पोकळीतून दुसरीत उतरतो, मेंदूच्या बुडाशी बाहेर पडून मेंदू आणि मेरुरज्जू यांच्या भोवती पसरतो, आणि शेवटी शिरांमध्ये व लसीकावाहिन्यांमध्ये शोषला जातो. वाटेत कुठे तुंबले, तर आतल्या पोकळ्या फुगतात. तान्ह्या बाळाच्या कवटीची हाडे जुळलेली नसल्याने त्याचे डोकेच मोठे होऊ लागते. जलशीर्ष म्हणतात तो विकार हाच. 'असतो' ऐवजी 'वाहतो' एवढा एकच शब्द बदलला, तरी हा विकार मुलांना आपोआप समजतो.

धड वेगळे केले आणि द्रव सांडला

हा द्रव शास्त्रज्ञांच्याही नजरेतून फार काळ निसटला होता. १७६४ मध्ये नेपल्सच्या दोमेनिको कोतुन्यो या शरीरशास्त्रज्ञाने त्याचे नीट वर्णन केले. आधीच्या मंडळींना तो का दिसला नाही, याचे त्याने दिलेले कारण मोठे उद्बोधक आहे. शवविच्छेदन करताना आधी शिर धडावेगळे करण्याची पद्धत होती. शिर कापले की द्रव सांडून जाई आणि मग आत पाहणाऱ्याला रिकामी जागा दिसे. कोतुन्योने शव उभे ठेवून कमरेच्या बाजूने कणा उघडला, तेव्हा द्रव बाहेर आला. आमचे म्हणणे असे की पाठ्यक्रमही तेच करतो. मेंदू एका धड्यात, रक्त दुसऱ्यात, जंतू तिसऱ्यात. तोडण्याच्या जागीच जे सांडते, ते मग कुठल्याच धड्यात सापडत नाही.

पुढची पायरी १८९१ ची. जर्मनीतील कील येथील डॉक्टर हाइन्रिख क्विंके यांनी जिवंत रुग्णाच्या कमरेतून पोकळ सुईने हा द्रव काढला. लंडनमध्ये वॉल्टर विंटर यांनीही त्याच सुमारास तसे प्रयत्न केले होते. दोघांचा मूळ हेतू तपासणीचा नव्हता. आजारी मुलांच्या मेंदूवरचा दाब कमी व्हावा, एवढीच अपेक्षा होती. पण क्विंके यांनी बाहेर आलेला द्रव फेकून दिला नाही. त्याचा दाब मोजला, त्यातली साखर आणि प्रथिने पाहिली, क्षयाचे जंतू शोधले. कवटी न उघडता मेंदूच्या अंगणात काय चालले आहे, हे कळण्याची वाट अशी सापडली.

आता 'लुळे पडण्या'च्या भीतीबद्दल. ती थट्टेवारी नेण्यासारखी नाही. पाठीच्या कण्यात मेरुरज्जू असते हे ज्याला ठाऊक आहे, त्याला भीती वाटणारच. अर्धवट ज्ञानातून आलेली ही भीती आहे, आणि उरलेले अर्धे ज्ञान दिल्यानेच ती जाईल. मेरुरज्जू कण्याच्या शेवटापर्यंत जात नाही. प्रौढ माणसात ती कमरेच्या पहिल्या-दुसऱ्या मणक्यापाशी संपते. सुई घालतात ती त्याच्या खाली, तिसऱ्या-चौथ्या किंवा चौथ्या-पाचव्या मणक्यांच्या मधल्या फटीत. तिथे मेरुरज्जू नसते. घोड्याच्या शेपटीसारखा मज्जातंतूंचा झुबका द्रवात तरंगत असतो आणि सुई आली की तंतू सहसा बाजूला सरकतात. काढतात तो द्रव प्रौढांत साधारण १० मिलिलिटर, लहान मुलांत त्याहून कमी. शरीर तो काही तासांतच भरून काढते. नंतर काहींचे डोके दुखते, कंबर दुखते, हे खरे आहे आणि ते सांगितलेच पाहिजे. मेंदूत गाठ किंवा गळू असून दाब वाढलेला असेल, रक्त गोठण्यात दोष असेल किंवा सुई टोचायच्या जागी जंतुसंसर्ग असेल, तर ही तपासणी धोक्याची ठरू शकते. म्हणूनच डॉक्टर आधी रुग्णाला तपासतात आणि गरज वाटल्यास मेंदूचे चित्रण करून घेतात.

अहवाल म्हणजे निकालपत्रक नव्हे

आमची दुसरी तक्रार तपासणीच्या अहवालाकडे पाहण्याच्या दृष्टीबद्दल आहे. 'पाणी काढले म्हणजे रोग कळला' असे लोक धरून चालतात. शाळेतल्या 'एक प्रश्न, एक उत्तर' या सवयीचा त्यात वाटा आहे.

निरोगी माणसाचा मेरुद्रव पाण्यासारखा नितळ असतो. प्रौढाच्या एका घन मिलिमीटरमध्ये पांढऱ्या पेशी पाचाच्या आत; प्रथिने १०० मिलिलिटरला साधारण १५ ते ४५ मिलिग्रॅम; साखर रक्तातल्या साखरेच्या सुमारे दोन तृतीयांश. पू करणाऱ्या जंतूंमुळे मेंदूच्या आवरणांना सूज आली (मेनिंजायटिस), की द्रव गढूळ होतो, पेशी शेकड्यांनी-हजारांनी वाढतात, प्रथिने वाढतात आणि साखर घटते. विषाणूंच्या संसर्गात पेशी वाढतात, पण साखर बहुधा जागेवर राहते. क्षयात पेशींचा प्रकार वेगळा असतो, प्रथिने बरीच वाढतात आणि साखर उतरते.

हे कोष्टक पाठ करून घेऊ नका, एवढी आमची विनंती आहे. त्याऐवजी मुलांपुढे एक उदाहरण ठेवा. दोन रुग्ण आहेत. दोघांच्याही मेरुद्रवात साखर १०० मिलिलिटरला ५० मिलिग्रॅम निघाली. पहिल्याच्या रक्तात त्याच वेळी ८० आहे. दुसरा मधुमेही आहे, त्याच्या रक्तात २५०. पहिल्याचे प्रमाण ठीक आहे. दुसऱ्याचे मात्र पाचास एक, म्हणजे काळजी करण्याजोगे. आकडा तोच, अर्थ वेगळा. मेरुद्रव एकट्याने बोलत नाही, त्याला रक्ताशेजारी उभे करावे लागते. मापन आणि तुलना यांचा इतका जिवंत धडा प्रयोगवहीत क्वचितच सापडेल.

दुसरे उदाहरण रक्ताचे. मेरुद्रव लाल आला, तर ते रक्त मेंदूभोवती झालेल्या स्रावाचे की सुईने फुटलेल्या बारीक शिरेचे? त्यासाठी द्रव ओळीने तीन-चार नळ्यांत घेतात. पहिली नळी लाल आणि पुढच्या फिकट होत गेल्या, तर सुईचा संशय. सगळ्या सारख्याच लाल, तर मेंदूभोवतीच्या स्रावाचा. पण यावरही न थांबता द्रव यंत्रात वेगाने फिरवून पेशी तळाशी बसवतात आणि वरचे पाणी पाहतात. ते पिवळसर असेल, तर रक्त काही तास आधीपासून तिथे होते, कारण तांबड्या पेशी फुटून रंग बदलायला वेळ लागतो. गुप्तहेराच्या गोष्टीत शोभावे असे हे तर्कशास्त्र आहे, आणि ते जिल्हा रुग्णालयाच्या प्रयोगशाळेत चालते.

तिसरी गोष्ट नकाराची. क्षयजन्य मेनिंजायटिसमध्ये मेरुद्रवात जंतू इतके थोडे असतात की सूक्ष्मदर्शकाखाली ते अनेकदा सापडतच नाहीत. जंतू वाढवून पाहायचे तर आठवडे जातात. आता जंतूंचा डीएनए शोधणाऱ्या जलद चाचण्या आल्या आहेत, पण त्यांचेही 'नाही' हे उत्तर शेवटचे मानत नाहीत. लक्षणे, छातीचे चित्र, घरात कोणाला क्षय आहे का, हे सारे पाहून डॉक्टर उपचार सुरू करतात. 'सापडले नाही' आणि 'नाही' यांतला फरक ज्या विद्यार्थ्याला कळला, त्याला विज्ञानाचा मोठा भाग कळला.

आपल्या अंगणातला पुरावा

हा विषय दूरचा वाटू नये म्हणून इकडचेच उदाहरण घेऊ. विदर्भात जपानी मेंदूज्वराचे रुग्ण आढळतात. हा विषाणू डासांमार्फत पसरतो. अशा भागात पुष्कळ माणसांना आजार न होताच संसर्ग होऊन जातो, काहींना लस दिलेली असते; त्यामुळे नुसत्या रक्तात प्रतिपिंडे सापडली, तरी सध्याचा आजार त्याच विषाणूचा आहे, असे ठामपणे म्हणता येत नाही. मेरुद्रवात त्या विषाणूची आयजीएम प्रतिपिंडे सापडली, तर पुरावा पक्का धरतात, कारण ती मेंदूच्या संसर्गाकडे बोट दाखवतात. या चाचणीचे संच पुण्याच्या राष्ट्रीय विषाणुविज्ञान संस्थेने विकसित केलेले आहेत. याच संस्थेने १९६५ मध्ये, ती 'विषाणू संशोधन केंद्र' होती तेव्हा, नागपूरजवळच्या चांदीपुरा गावातील तापाच्या रुग्णांच्या रक्तातून एक नवा विषाणू वेगळा केला. त्याच चांदीपुरा विषाणूमुळे २००३ मध्ये आंध्र प्रदेश आणि महाराष्ट्रात मुलांमध्ये मेंदूज्वराची जीवघेणी साथ आली, आणि २०२४ मध्ये गुजरातेत पुन्हा.

आणखी एक उदाहरण अंधश्रद्धेशी भिडते. एखादी तरुण मुलगी काही दिवसांत विचित्र वागू-बोलू लागते, भास होतात, झटके येतात, मग बेशुद्धी. आपल्याकडे अशा वेळी 'बाहेरचे झाले' म्हणतात. सुशिक्षित घरांत 'वेड लागले' म्हणतात. २००७ मध्ये जोसेप दालमाऊ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अशा १२ स्त्रियांच्या रक्तात आणि मेरुद्रवात एक विशिष्ट प्रतिपिंड दाखवून दिले. शरीराची प्रतिकारशक्ती मेंदूच्या पेशींवरील एका ग्राहक रेणूवरच उलटलेली होती. या रुग्णांच्या शरीरात, बहुतेकींच्या बीजकोशात, एक प्रकारची गाठ होती. हा आजार उपचारांनी पुष्कळदा बरा होतो. काही रुग्णांत हे प्रतिपिंड रक्तात सापडत नाही, मेरुद्रवातच सापडते. म्हणजे द्रव तपासला नाही, तर रुग्ण वर्षानुवर्षे चुकीच्या दारात उभा राहू शकतो.

उत्साहाचाही अतिरेक नको

पुस्तकांनी मेरुद्रवाला फार कमी दिले, तर अलीकडच्या वर्तमानपत्री विज्ञानाने फार जास्त दिले, ही आमची तिसरी तक्रार. 'झोपेत मेंदू धुऊन निघतो' हे वाक्य आता सगळीकडे आढळते. त्याचे मूळ २०१३ च्या एका संशोधनात आहे. झोपलेल्या उंदरांच्या मेंदूत पेशींमधली जागा सुमारे ६० टक्क्यांनी वाढते आणि टाकाऊ पदार्थ जास्त वेगाने वाहून जातात, असे त्यात दिसले. पण २०२४ मध्ये उंदरांवरच झालेल्या दुसऱ्या संशोधनात झोपेत आणि गुंगीत हे काम उलट मंदावते, असे आढळले. मोजण्याच्या पद्धती वेगळ्या आहेत आणि वाद चालू आहे. वर्गात हे सांगायला हरकत नाही. किंबहुना वादासकट सांगितले, तर अधिक चांगले. 'शास्त्रज्ञांनी सिद्ध केले' असे म्हणून फळ्यावर मात्र लिहू नये.

अल्झायमरच्या विकाराचेही तसेच. या विकारात मेंदूत बीटा-अमायलॉइड नावाचे प्रथिन साठते. मग मेरुद्रवात ते वाढायला हवे ना? प्रत्यक्षात त्याचा मुख्य प्रकार मेरुद्रवात घटतो. धरणाच्या पोटात गाळ बसू लागला की खालच्या पाण्यात गाळ कमी येतो, तसा हा प्रकार असावा. टाऊ नावाचे दुसरे प्रथिन मात्र वाढते. या दोहोंवरून विकाराची चाहूल लागते, आणि २०२५ मध्ये अमेरिकेत अशा प्रथिनांवर आधारलेल्या पहिल्या रक्तचाचणीला मान्यताही मिळाली. तरीही मेंदूत अमायलॉइड साठलेल्या पुष्कळ वृद्धांची स्मृती शाबूत असते. प्रथिनाचा आकडा म्हणजे माणसाचे विस्मरण नव्हे. त्याच्याशी बोलून, त्याचे वागणे पाहूनच निदान पुरे होते.

मग शिक्षकांनी काय करावे? अभ्यासक्रम बदलण्याची वाट पाहायला नको. तो धडा येईल तेव्हा दहा मिनिटे जास्त घ्यावीत. फळ्यावर तिन्ही नावे एकाखाली एक लिहावीत. तरंगणाऱ्या मेंदूचे गणित मुलांकडून सोडवून घ्यावे. मेरुरज्जू कुठे संपते आणि सुई कुठे घालतात, हे कण्याच्या चित्रावर खूण करून दाखवावे. साखरेचे दोन रुग्ण द्यावेत आणि उत्तर न सांगता थांबावे.

गावात कोणी आजारी पडले की डॉक्टरांच्या कागदावर सही करण्यापूर्वी लोक अजूनही 'मास्तरांना विचारा', 'बाईंना विचारा' म्हणतात. वर सांगितलेल्या मुलाच्या वडिलांनीही दुसऱ्या दिवशी त्या शिक्षिकेलाच फोन केला होता. त्यांनी कण्याचे चित्र आठवून, सुई कुठे जाते ते फोनवर समजावले, डोके दुखू शकते हेही सांगितले, आणि मग सही झाली. हे आपल्याला कुठल्या पुस्तकात शिकायला मिळाले, असे आम्ही त्यांना विचारले. त्या म्हणाल्या, "पुस्तकात नाही. आमच्या मुलाच्या वेळी डॉक्टरांनी समजावून सांगितलं होतं."